प्रकरण चौदावे : शब्द परत घ्यायची रीत

गराड्यांच्या घराण्यात दिलेला शब्द चार पिढ्यांत कुणी मोडला नव्हता. आता, चार पिढ्यांत गराड्यांकडे शब्द मागायलाच कुणी आलं नव्हतं, हा भाग वेगळा. पहिला माणूस आला तो सोळा वर्षांपूर्वी, पांढऱ्या गाडीतून, आणि त्यानं शब्दाच्या आधी नऊ एकर जमीन मागितली.

जमीन दिली गेली. वराळ्याच्या ज्या माळावर हुलगेसुद्धा उपकार केल्यासारखे उगवत, तिथे सह्यशिखर ग्लोबल युनिव्हर्सिटी उगवली. व्यवहाराच्या दिवशी बांधावर नारळ फोडताना त्या साहेबांचा कंठ दाटून आला आणि ते म्हणाले, "आबा, तुमच्या घरातलं एक लेकरू आमच्याकडे कायम फुकट शिकेल." दाटलेला कंठ साथीच्या तापासारखा पसरतो. भिमाजी आबांनीही भर माणसांत सांगून टाकलं, की गराड्यांचं लेकरू शिकंल तर हितंच शिकंल, दुसऱ्या कालेजाची पायरी चढनार न्हाई. हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

तो शब्द चौदा वर्षं तसाच पडून होता, कारण शिकायच्या वयाचं लेकरू घरात नव्हतं. मग आबांच्या थोरल्या मुलाची, हौशीरामची, अमृता बारावी झाली आणि त्या शब्दात अलगद जाऊन बसली. संख्याशास्त्राचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम. घरातून निघायचं आणि एकेकाळच्या आपल्याच शेतातून चालत वर्गात जायचं. अशी दोन वर्षं गेली. आणि या जूनमध्ये, आबा ओट्यावर अर्ध्या दाढीत असताना, तिनं सांगितलं की कोल्हापूरच्या सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला तिची निवड झाली आहे. तिथल्या प्राध्यापकांनी मुलाखत घेतली. इथून फक्त सोडल्याचा दाखला हवा आहे आणि तो ती काढणार आहे.

'काढू का' असं ती म्हणाली नव्हती, हे आबांनी नेमकं टिपलं. उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी धाकट्याला, कैलासला, फोन लावला.

बैठक वलवणला भरली. वराळ्यात भरवली असती तर भिंतीपलीकडच्यांनीही मत दिलं असतं. आबांची लेक अनिता वलवणला दिलेली होती. धरणाच्या अंगाला तिचं घर, आणि घराच्या तीन खोल्या पर्यटकांना. बाहेरच्या पाटीवर 'लेक व्ह्यू' लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पाण्याच्या टाकीवर चढलं की तळं दिसायचं. शनिवार-रविवारी खोल्या भरलेल्या, म्हणून घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न मंगळवारी घ्यायचं ठरलं. सगळ्यांना तिनं पाहुण्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं. भिंतीवर सूचना होती की मोठ्या आवाजात बोलू नये आणि सोबत आणलेलं खाऊ नये. आबांच्या पत्नी नंदाबाईंनी सोबत आणलेल्या भाकऱ्या त्या सूचनेखालीच सोडल्या.

अनिताचं कुणाशी काही अडलेलं नव्हतं. जमिनीच्या वेळी तिनं हक्कसोडावर सही केली होती, साडी घेतली होती आणि तेव्हापासून माहेरच्या प्रत्येक भांडणाचं तिला खुल्या मनानं स्वागत करता येत होतं. चहा देता देता तिनं अंदाज घेतला. आबा विरुद्ध. कैलास विरुद्ध. सवितावहिनी पोरीकडून, म्हणजे आईच ती. आई, म्हणजे नंदाबाई, अजून लसूण सोलत होती, त्यामुळे तिचं सांगता येत नव्हतं. आणि हौशीरामदादा रात्रपाळी करून थेट कंपनीच्या बसमधून उतरला होता. तो नेहमीप्रमाणे शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूनं असणार होता.

अमृताला बाहेर बसायला सांगण्यात आलं. तिनं खुर्ची ओढली आणि आतच बसली.

"मोठी मानसं बोलत्यात," आबा म्हणाले.

"माझ्याबद्दलच बोलणार आहेत ना?" ती म्हणाली. "मग काही चुकलं तर सांगायला कुणीतरी पाहिजे."

सुरुवात कैलासनं केली. युनिव्हर्सिटीचं कँटीन त्याच्याकडे होतं. कँटीन काही शब्दात नव्हतं, पण गाईबरोबर वासरू यावं तसं ते आलं होतं. त्याचं म्हणणं, शिक्षण सगळीकडे सारखंच. पुस्तकं छापणारा कुठेतरी एकच असतो. पण आज आपण आपली पोरगी काढून घेतली तर उद्या ते म्हणतील, तुमचा आमच्यावर भरवसा न्हाई तर तुमचे वडे तरी आमी कशाला खायचे. नुसती पोरगी न्हाई जात, आबा, इज्जत जाते. इज्जत म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर कढई होती, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सविता एरवी दिरासमोर फार बोलत नसे. आज बोलली. तिचं म्हणणं होतं की लेक दोन वर्षं रडकुंडीला आली आहे. जिथे जीव रमत नाही तिथे तिला बांधून ठेवायला ती काही जित्राब नाही. आणि कँटीनचं म्हणाल, तर वड्यांचा आणि संख्याशास्त्राचा संबंध लावणारे भावजी पहिलेच.

"न्हाई तसं बी न्हाई," हौशीराम म्हणाला. तो नेमका कशाला म्हणाला, हे कुणी विचारलं नाही.

"रडकुंडीला काय म्हणून?" आबांनी विचारलं. "कुनी तरास दिला का? नाव सांग. साहेबाला सांगतो."

"त्रास नाही, आबा," अमृता म्हणाली. "तेच सांगतेय. कुणी त्रासच देत नाही."

मग तिनं सांगितलं. गेल्या सत्रात तोंडी परीक्षेच्या दिवशी ती तापानं घरी पडली होती. कैलासकाकानंच डॉक्टरकडे नेलं होतं. आणि त्या परीक्षेत तिला पंचवीसपैकी तेवीस गुण पडले.

"मग? कापलेच की दोन," कैलास म्हणाला. "आली न्हाईस म्हनून कापले."

आबांनी मान डोलावली. त्यांना हा हिशेब रास्त वाटला.

"सर पहिल्या दिवशी वर्गात म्हणाले, ह्या आपल्या जागावाल्यांच्या ताई. तेव्हापासून मी ताई. गणित चुकलं तरी बरोबर, नाही सोडवलं तरी बरोबर. आबा, मला ते येतंय का नाही, हे मला स्वतःलाच कळत नाही. परवा कोल्हापुरात मुलाखतीला एका बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं, उदाहरण घातलं, आणि म्हणाल्या, चुकलं, पुन्हा कर. पाच वेळा म्हणाल्या. मग म्हणाल्या, ये. मला नापास करू शकेल असं विद्यापीठ पाहिजे."

गराड्यांच्या घरात विद्यापीठाकडून आजवर अनेक अपेक्षा ठेवल्या गेल्या होत्या. ही नवीन होती.

"नापास व्हायला कोल्हापूरला जायचं?" आबा म्हणाले.

"कैलास तर तळेगावातच व्हायचा," नंदाबाई लसणीवरून मान वर न करता म्हणाल्या. "एसटीचा पास बी लागला न्हाई."

अनितानं हसू चहाच्या कपात सोडलं. आपल्याला कुठल्याही बाजूला जायचं नाही हे तिचं ठरलेलंच होतं. पण भांडण असं एका अंगावर कलंडून बसलं की तिला करमत नसे. तिनं रिकामे कप गोळा करत, जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, "मग अमृता गेली तर ती घरची फुकटची जागा मोकळी होनार म्हना की. समर्थ यंदा बारावीला न्हाई का?"

समर्थ, म्हणजे कैलासचा मुलगा, यंदा बारावीला होता. म्हणजे पटावर बारावीला होता. दिवसाचा बराच वेळ तो बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर असायचा, आणि त्याच्या गुणांबद्दल घरात आजाऱ्याबद्दल बोलावं तसं हळू बोललं जाई.

कैलासनं चहाचा घोट घेतला. कप रिकामा होता. तरी त्यानं तो घोट बराच वेळ घोळवला.

"तसं बगायला गेलं तर," तो म्हणाला, "शिक्षन ज्याच्या त्याच्या मनावर असतं. आपुन जबरदस्ती करून काय उपेग, आबा? पोरगी हुशार हाय. तिला बाहेर पडू द्या. जग बगू द्या."

"आन् कँटीन?"

"कँटीनचं मी बघतो की."

खरं तर इथे सवितानं पदर सावरून देवाचे आभार मानायला हवे होते. दिवसभर ज्या दिराशी भांडायची तयारी करून ती आली होती, तो आपणहून पदरात पडला होता. पण सविताला नेमकी याच क्षणी धास्ती वाटली. आपल्या वस्तूला शेजारी फार वाईट म्हणाला की आपल्याला ती धरून ठेवावीशी वाटते, आणि तो ती घ्यायला आला की त्याहून जास्त धरून ठेवावीशी वाटते. दोन वर्षं जी जागा तिच्या लेकीला टोचत होती, त्या जागेवर तिला समर्थ बसलेला दिसला. पाय पसरून बसलेला दिसला.

"म्हंजे माझ्या लेकीनं मुलूख सोडायचा, आन् तुमच्या लेकानं आयत्या गादीवर लोळायचं," ती म्हणाली. "असं असंल तर अमृता कुटं जानार न्हाई. हितंच शिकंल. तेवीस तर तेवीस."

"आई," अमृता म्हणाली.

"तू गप. तुला न्हाई कळायचं. ही जागा घरात थोरल्या पातीची हाय."

"वहिनी, पन पोरीचं मन..." कैलास म्हणाला.

"मघा वडे आठवत हुते, आता मन आठवाया लागलं का?"

हौशीराम म्हणाला, सविता म्हणते त्यात तथ्य आहे. त्याच्या आधी कैलास म्हणाला त्यातही होतं.

आबांची मोठी पंचाईत झाली. सकाळी निघताना ते आणि कैलास एकीकडे होते. आता कैलास पलीकडे गेला होता आणि त्यांच्या बाजूला फक्त सून उरली होती. सुनेच्या बाजूनं बोलायची त्यांना सवय नव्हती. शिवाय अमृता ज्याबद्दल बोलत होती ते त्यांना पूर्ण कळलं नव्हतं तरी थोडं कळलं होतं. त्यांनीही जन्मभर बैल घेताना त्याला चढावर गाडीला लावूनच घेतला होता. सपाटीवर कुठलाही बैल चालतो. पण त्यांना दर वर्षीचा वर्धापनदिन आठवत होता. पहिल्या रांगेतली खुर्ची. नावापुढे 'भूमिदाते'. शाल, श्रीफळ, टाळ्या. घरी लाकडी पेटीत शालींची चळत लागली होती आणि त्यातली एकही त्यांनी पांघरली नव्हती, कारण पांघरली की साधी शाल झाली असती.

"शब्द दिलाय म्या," ते म्हणाले. "गराड्याचा शब्द हाय."

"तुमी दिला ना?" नंदाबाईंनी लसणीची वाटी बाजूला केली. "मग तुमीच पाळा. उद्यापास्नं तुमी जाऊन बसा त्या वर्गात. हजेरी लावा. पोरीला कशापायी गुतवता? ती तवा बालवाडीत जात हुती, तिला कुनी इचारलं हुतं?"

अमृता उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, हे अनिताला लक्षात राहिलं. भिंतीवरच्या सूचनेचं त्या दिवशी पालन करणारी ती एकटीच.

"आबा, तुम्ही जा म्हणालात तर पाया पडून जाईन. नको म्हणालात तरी पाया पडून जाईन. आई, तुला पण तेच. आणि काका, तुम्ही जा म्हणताय म्हणून मी चाललेली नाही, हे पण लक्षात ठेवा."

आबांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. तळं दिसत नव्हतंच. मग त्यांनी फेटा सोडून परत बांधायला घेतला, म्हणजे निर्णय झाला होता.

"शब्द मोडायचा न्हाई," ते म्हणाले. "परत घ्यायचा."

त्यांच्या भागात रीत अशी, की ठरलेली सोयरीक पुढे न्यायची नसेल तर नुसता निरोप धाडून भागत नाही. पाच जणांनी नारळ घेऊन त्या दारात जायचं. ज्याला शब्द दिला त्यानं स्वतःच्या हातानं नारळ फोडायचा, दोन्हीकडच्यांनी खोबरं खायचं, आणि मग कुणाचं कुणाकडे काही राहत नाही. आबांनी हे आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा लग्नाच्या बाबतीत. विद्यापीठालाही तेच लागू पडतं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. बाकीच्यांच्या मनात होती, पण त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. कैलासनं सुचवलं, की गेल्यासरशी समर्थचंही साहेबांच्या कानावर घालावं. सविता म्हणाली, घालून तर बघा.

गुरुवारी सकाळी मंडळी निघाली. चूक इतकीच झाली की ती फेटे बांधून निघाली. वराळ्यात पाच माणसं फेटे बांधून एका दिशेनं चालू लागली की बाकीचे कारण विचारत नाहीत, आपापले फेटे शोधतात. एकाला गटाराचं बोलायचं होतं, एकाला पोराच्या नोकरीचं, काहीजण मोकळे होते. गेटपाशी पोहोचेपर्यंत पाचाचे तीस-पस्तीस झाले होते. पुढे आबा, हातात नारळ. मागे बायका, त्यात वलवणहून मुद्दाम आलेली अनिता.

गेटवरचा वॉचमन नवा होता. त्यानं फेटे पाहिले, नारळ पाहिला, आणि आत फोन करून सांगितलं की जमीनवाले मोर्चा घेऊन आलेत. लोखंडी गेट सरकत सरकत बंद झालं. कैलास बाहेर राहिला. त्याची कढई आत गॅसवर होती. त्यानं वॉचमनला आपण कोण ते सांगितलं. वॉचमन म्हणाला, सगळे हेच सांगतात.

कुलसचिव सुश्रुत सर स्वतः बाहेर आले. मागून पाण्याच्या बाटल्यांची खोकी आली. सरांनी आधीच्या नोकरीत असे तीन प्रसंग निभावले होते आणि त्यांचा अनुभव होता, की आधी पाणी द्यावं, मग समिती द्यावी.

"आबा, उन्हात कशाला उभे? तुमच्या सगळ्या मागण्यांवर आपण समिती नेमू," ते गेटच्या फटीतून म्हणाले.

"मागनी न्हाई आमची," आबा म्हणाले. "परत द्याया आलोय."

सर गोंधळले. त्यांच्या कारकिर्दीत आजवर कुणी काही परत द्यायला आलं नव्हतं. "काय परत द्यायचंय?"

"शब्द. तुमचा तुमाला, आमचा आमाला."

सरांनी मागे उभ्या असलेल्या कारकुनाकडे पाहिलं. कारकुनालाही अशी काही नोंद आठवत नव्हती. तो कुठे लिहिलेला आहे का, असं सरांनी अदबीनं विचारलं. आबा म्हणाले, शब्द लिवत्यात व्हय? तुमी साहेबांस्नी बोलवा. नारळ त्यांच्या हातनं फुटाया पायजे.

"ते साहेब आता नाहीत," सर म्हणाले.

आबांनी नारळ काखेत धरून आभाळाकडे हात जोडले. मागच्या पस्तीस जणांनीही जोडले.

"नाही, नाही, तसे आहेत," सर घाईनं म्हणाले. "इथे नाहीत. त्यांनी संस्था दुसऱ्या मंडळींना दिली. दोन वर्षं झाली. आता वेगळं व्यवस्थापन आहे, त्यांचं ऑफिस बाहेरगावी असतं."

आबांनी बोटांवर हिशेब केला. दोन वर्षं म्हणजे दोन वर्धापनदिन. दोन्ही वेळा ते पहिल्या रांगेत होते. त्यांनी आठवून पाहिलं. शाल घालणारा चेहरा आठवेना.

"मग मला शाली कोन देतं?" त्यांनी विचारलं.

"ते इव्हेंटवाले बघतात," सुश्रुत सर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं, हे जरा दुसऱ्या रीतीनं सांगता आलं असतं.

कैलासला आता थांबवेना. साहेब गेले तर गेले, पण आमच्या घरची जी एक फुकटची शीट हाय ती तर हाय ना, असं त्यानं गजांतून तोंड घालून विचारलं. सरांनी आत फोन लावला, नाव विचारलं, वाट पाहिली.

"घराण्यासाठी राखीव अशी सीट नाही कुठे," ते म्हणाले. "अमृता हौशीराम गराडे, यांना बारावीला नव्वदच्या वर आहेत. त्यांची फी गुणवत्तेत माफ आहे. नव्वदच्या वर असले की कुणालाही होते."

सविता इतका वेळ बायकांमागे उभी होती. ती गर्दी बाजूला सारत दिरापाशी आली.

"भावजी, समर्थला म्हनावं नव्वद पाड," ती म्हणाली. "मग ही गादी तुमचीच." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की तिची लेक आता कोल्हापूरला जाणार, आणि कुणाच्या शब्दावर नाही, स्वतःच्या टक्क्यांवर जाणार. हौशीराम म्हणाला, तो पहिल्यापासून हेच म्हणत होता.

राहिला नारळ. तो फोडणारा माणूस संस्था विकून निघून गेला होता आणि आबा तो दोन्ही हातांत धरून भर उन्हात उभे होते. परत घरी न्यावा तर अपशकुन, ठेवावा तर कुणापाशी? पंच्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात शब्द द्यायला माणूस सापडला होता, परत घ्यायला सापडत नव्हता.

"आना हिकडं," नंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी नवऱ्याच्या हातातून नारळ घेतला आणि गेटशेजारच्या काळ्या ग्रॅनाइटच्या पाटीपाशी गेल्या, जिच्यावर विद्यापीठाचं नाव सोनेरी अक्षरांत कोरलं होतं.

"आजी, तो दगड जरा..." सर म्हणाले.

"वरचा तुमचा आसंल. खाली आमचाच धोंडा हाय," नंदाबाई म्हणाल्या आणि एका घावात नारळ फोडला. पाणी 'ग्लोबल'वरून खाली ओघळलं. अर्धं खोबरं त्यांनी आबांच्या हातावर ठेवलं आणि दुसऱ्या अर्ध्यातला तुकडा काढून गजांतून आत धरला. "खा. तुमी सायेब न्हाई, पन खुर्चीवर हाय ना? मग तुमी खा."

सुश्रुत सरांनी खाल्ला. चावताना त्यांना वाटलं, आपण कशाला तरी संमती देतो आहोत, पण कशाला ते आता विचारण्याची वेळ गेली होती. शेवटी त्यांनी अनिताला विचारलंच, की ताई, मूळ विषय काय होता. अनितानं सांगितलं, पोरीला दुसऱ्या विद्यापीठात जायचं आहे.

"अहो, मग त्याला दोन नंबरची खिडकी आहे," सर म्हणाले.

अमृता त्या वेळी दोन नंबरच्या खिडकीपाशीच होती. विद्यार्थ्यांचं गेट मागच्या बाजूला होतं, ते कुणी बंद केलं नव्हतं. कार्ड दाखवून ती सकाळीच आत आली होती. रांगेत मागे तिच्याच वर्गातली इंद्रायणी उभी होती, तळेगावची. तीही सोडून पुण्याला चालली होती. खिडकी उघडायची वाट पाहता पाहता अमृतानं तिला, न राहवून, तोंडी परीक्षेचं सांगितलं. मी आलेच नव्हते गं, आणि तेवीस. जागावाल्यांची ना मी.

"तेवीस सगळ्यांनाच आहेत," इंद्रायणी म्हणाली. "तोंडी झालीच नाही. सर मेहुणीच्या लग्नाला गेले होते. आल्यावर सगळ्यांना एकच आकडा टाकला. तुला कुणी सांगितलं नाही?"

दोन वर्षं अमृताला वाटत होतं, आपल्याला ओळखतात म्हणून पास करतात. या रागावर तिनं कोल्हापूरची तयारी केली होती, या रागावर वलवणला सगळ्यांसमोर उभी राहिली होती. आणि 'ताई' म्हणण्यापलीकडे इथे तिला कुणी ओळखतच नव्हतं. क्षणभर तिला वाटलं की आता जायचं कारणच उरलं नाही. मग तिला कोल्हापूरचा फळा आठवला, आणि वाटलं, जिथे तापानं फणफणलेल्यालाही तेवीस आणि घाम गाळणाऱ्यालाही तेवीस, तिथून जायला आणखी कसलं कारण लागतं?

खिडकी उघडली. आतल्या बाईंनी मान वर न करता नाव विचारलं. अमृता रात्री पाठ करून आली होती. विद्यापीठ का सोडायचं आहे ते तिनं सांगायला घेतलं.

"कारण लागत नाही," बाई म्हणाल्या. "लायब्ररीचं एक पुस्तक तुमच्याकडे दिसतंय. ते द्या."

पुस्तक पिशवीतच होतं. तिनं दिलं. दाखला मिळाला.

ती बाहेर आली तेव्हा गेट उघडलं होतं, मोर्चा पाण्याच्या बाटल्या घेऊन पांगला होता, कैलास कढईकडे धावला होता. आबा कट्ट्यावर बसून खोबरं खात होते. तिनं दाखला दाखवला. त्यांनी तो वाचला नाही. खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"शब्द मोकळा झाला," ते म्हणाले. "आता तितं तुला वळखनारं कुनी न्हाई."

"इथेही नव्हतं, आबा."

"मला बी न्हवतं," आबा म्हणाले. आणि जरा वेळानं म्हणाले, "जा. कुनी न्हाई म्हनलं तरी जा. नापास झालीस तर तसं सांग. दडवू नको."

जुलैत ती कोल्हापूरला गेली. ऑगस्टच्या शेवटी पहिली चाचणी झाली. अमृताला वीसपैकी चार गुण पडले, आणि प्रत्येक चुकीपाशी लाल शाईत लिहिलं होतं, पुन्हा कर. वर्गाची सरासरी चारच होती.